आधी खातात ते सांताचं डोकं

 

डिसेंबर लागला की आपल्या वसई भागात गल्लीगल्लीतून केक भाजल्याचा वास यायला लागतो. नाताळचा केक आता फक्त ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. सोसायटीत, बालवाडीत, ऑफिसात, सगळीकडे तो कापला जातो, आणि गिऱ्हाइकाची पहिली मागणी असते, "वर सांता बसवून द्याल ना?" म्हणून आज केकवरच्या या खायच्या बाहुल्यांबद्दल बोलू या. सांता, बर्फाचा माणूस, गोठ्यातली मेंढरं, घंटा, जे काही साखरेतून वळता येतं ते.

पुष्कळ जणी म्हणतात, हे आपल्याला जमणारं नाही, याला क्लास लावायला हवा. लावा की, वाईट काही नाही. पण जिने उकडीच्या मोदकाला कळ्या पाडल्यात, दिव्याच्या अमावास्येला कणकेचे दिवे वळलेत, तिच्या बोटांना यातलं निम्मं काम येतंच. उकड नीट मळली नाही तर मोदक फाटतो. मळलेला गोळा उघडा राहिला तर कडांना भेगा पडतात. साखरेच्या गोळ्याचंही असंच असतं. फक्त ओल्या फडक्याऐवजी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, आणि पाण्याच्या हाताऐवजी वनस्पती तुपाचा अगदी पुसटसा हात लावायचा. पाणी लागलं की साखर चिकट होते.

बाहुली करायला दोन गोष्टी चालतात, मार्झिपान आणि फॉन्डंट. मार्झिपान आपल्याकडचं जुनं. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. गोव्यात तर तो १९६१ पर्यंत राहिला. युरोपात मार्झिपान बदामाचं. स्पेनमधल्या टोलेडो शहरात नाताळात बदामाच्या मार्झिपानच्या लहान लहान मूर्ती करतात, वेटोळं घातलेला वाम मासासुद्धा करतात. आपल्याकडे बदाम महाग आणि काजू दारातला, म्हणून ते काजूचं झालं. गंमत अशी की काजूचं झाडही पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलेलं.

घरचं प्रमाण सांगते. पाव किलो काजू गुलाबपाण्यात बारीक वाटायचे, त्यात तेवढीच साखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि दोन थेंब बदामाचा इसेन्स. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर घोटत राहायचं. काजूकतली करणाऱ्यांना कळेलच कधी थांबायचं ते. गोळा पातेल्याच्या कडा सोडतो, आणि चिमूटभर घेऊन गोळी केली तर बोटाला चिकटत नाही. निवल्यावर सैल वाटला तर पिठीसाखर घालून मळायचा. अंडं नको असेल तर दुधावर करा, चव थोडी पेढ्याकडे झुकते आणि टिकतं कमी, एवढंच. मार्झिपानची मेंढरं, फळं, घंटा छान होतात. उभा सांता मात्र त्यात नीट राहत नाही, कारण काजूला तेल सुटतं आणि अंगाने तो हळूहळू बसत जातो.

उभ्या बाहुलीसाठी फॉन्डंट. बाजारात तयार मिळतो. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, कारण काहींत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. नुसता फॉन्डंट मऊच राहतो. पाव किलोला सपाट एक लहान चमचा सीएमसी पावडर घालून मळा आणि रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी गोळा ताणला तर पटकन तुटत नाही, आणि केलेली बाहुली दोन-तीन दिवसांत कडक वाळते. ती फ्रिजमध्ये वाळवायची नाही. साखर हवेतलं पाणी ओढते. फ्रिजमधून बाहेर काढल्याबरोबर बाहुलीला घाम सुटतो, लाल टोपीचा ओघळ पांढऱ्या दाढीवर येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, पंख्याखाली, उन्हापासून लांब ठेवा. किनाऱ्याजवळच्या हवेला एखादा दिवस जास्तच धरा.

आता सांता करू या. अर्धा किलोच्या केकवर तीन इंचांपेक्षा उंच करू नका. शोभत नाही, आणि मऊ केकमध्ये रुततोही. पंचवीस ग्रॅमचा गोळा घेऊन पेरूसारखा आकार द्या, ते अंग. दहा ग्रॅमचं डोकं. हातपाय म्हणजे चकलीच्या पिठाची वळी करतो तशा वळ्या, टोकाला जराशा जाड. अंग एक दिवस वाळू द्या, मग डोकं बसवा. ओल्या अंगावर डोकं ठेवलं की मान खचते आणि सांता पोटात तोंड घालून बसतो. चिकटवायला पाण्याचा एक थेंब पुरे. डोळ्यांना दोन काळे तीळ लावा, त्याच्याइतके बोलके डोळे रंगाच्या पेनाने येत नाहीत असं माझं मत. पांढरी कामं आधी, लाल शेवटी, नाहीतर लाल झालेली बोटं दाढीला लागतात. लाल रंग आदल्या दिवशीच मळून ठेवा. तो रात्रीतून आपोआप गडद होतो. घाईत जास्त रंग ओतला तर गोळा कडू लागतो, शिवाय सैल पडतो. मी तर अलीकडे टोपी तेवढी लाल करते, अंगाला पांढरा झगा. मुलांना ओळखायला टोपी पुरते.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः आले ते. केक कापल्यावर मोठी माणसं केक खातात, आणि मुलं सांता मागतात. त्यातही आधी खातात ते डोकं. म्हणजे केकवर जे बसलं आहे ते शोभेचं म्हणून कोणी बाजूला काढून ठेवत नाही. चार वर्षांचं पोर ते कडकड चावतं. हे डोळ्यापुढे ठेवून सामान घ्यायला हवं.

सगळ्यांत मोठा धोका चमकीचा. सोनेरी, चंदेरी, मोत्यासारख्या पावडरी छोट्या डब्यांत मिळतात. डबीवर इंग्रजीत 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खाण्याजोगं असा होत नाही. शाळेच्या खडूवर आणि क्रेयॉनवरसुद्धा तेच लिहिलेलं असतं, म्हणून आपण ते पोळीला लावून खातो का? अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन एक ते अकरा वर्षांची सहा मुलं आजारी पडली, उलट्या आणि जुलाब. केकच्या सोनेरी चमकीत तांबं निघालं. पुढच्या वर्षी मिझुरी राज्यात एका लहान बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं. शोधत गेल्यावर धागा पहिल्या वाढदिवसाच्या केकवर वापरलेल्या पावडरीपर्यंत पोचला, आणि त्या पावडरीत पंचवीस टक्के शिसं होतं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये हे दोन्ही प्रकार छापून प्रसिद्ध केले. या केकांवरची चमकी कोणी वाईट हेतूने लावलेली नव्हती. सजावटीची पावडर खाण्याची समजून वापरली गेली.

म्हणून डबी उलटी करून वाचा. त्यात काय काय घातलंय याची यादी हवी, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख हवी. 'फक्त सजावटीसाठी' असं लिहिलं असेल तर ती केकजवळ आणू नका. सुट्या पुडीतली, लेबल नसलेली चमकी तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी नको. रंगांनाही हेच लागू. ऱ्होडामाईन-बी हा कपड्यांचा भडक गुलाबी रंग म्हाताऱ्याच्या केसांत सापडल्यामुळे तमिळनाडूने २०२४ मध्ये अशा गुलाबी कापूस-साखरेवर बंदी घातली, ते आठवत असेल. सोनेरी रंग हवाच असेल तर आपला चांदीचा वर्ख आहे, खात्रीच्या मिठाईवाल्याकडून आणा. सोनं नाही, पण घंटेवर लावला तर चांगला दिसतो.

दुसरं, आतल्या काड्या. मान टिकावी म्हणून टूथपिक खुपसतात, हातांना तार घालतात. टूथपिक साखरेच्या आत दिसत नाही आणि घशात टोचते. त्याऐवजी कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला. वजन पेलते, आणि दाताखाली आली तरी खाण्याचीच वस्तू आहे. ती मिळाली नाही तर डोकं आणि अंग एकाच गोळ्यातून काढा, बुटका सांता करा. बुटका जास्त गोड दिसतो.

जाता जाता एक. गणेशोत्सवात काही जण केकवर गणपती मागतात. मी नाही म्हणते. ज्याला आपण वाजतगाजत निरोप देतो त्याच्यावर सुरी चालवायची कल्पना मला सोसत नाही. मोदक आणि उंदीर करून देते, गिऱ्हाईक खूश असतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

आता पैशांचं. सांताला साखर लागते पन्नास ग्रॅम, पण वेळ जातो पाऊण ते एक तास. आपण हिशेब साखरेचा लावतो आणि तास फुकट देतो. "एवढासा तर आहे" असं गिऱ्हाईक म्हणणारच. शिंपी ब्लाउजच्या कापडाचे पैसे घेत नाही, शिलाईचे घेतो. बाहुलीचे पैसे केकपासून वेगळे लिहा, म्हणजे नको असेल त्याला नको म्हणता येईल आणि हवी असेल त्याला का महाग ते कळेल. नियमाप्रमाणे एफएसएसएआयची नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते, ती करून घ्या.

केक देताना बाहुली केकवर बसवून देऊ नका, विशेषतः क्रीमचा केक असेल तर. फॉन्डंट क्रीमवर तासाभरात पाझरायला लागतो. वेगळ्या डबीत द्या, खाली बसवायला चॉकलेटची पातळ चकती द्या, आणि सांगा की केक फ्रिजमध्ये, बाहुली बाहेर, कापायच्या दहा मिनिटं आधी वर ठेवा. मार्झिपान असेल तर डबीवर मोठ्या अक्षरांत 'यात काजू आहे' असं लिहा. अंडं घातलं असेल तर तेही. काजू न चालणारी मुलं असतात, आणि पार्टीत कोणाचं मूल कोणाच्या ताटातलं खाईल ते सांगता येत नाही.