स्वस्त कॅमेऱ्याचे खरे मोल



व्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या तरुणापुढे दोन वाटा असतात : अधिकृत विक्रेता किंवा ‘ग्रे मार्केट’. दुसऱ्या वाटेने येणारा माल बनावट असतोच असे नाही. मात्र तो उत्पादकाच्या अधिकृत साखळीबाहेरून आलेला असतो. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधीच्या खटल्यात अशा आयातीला मुभा दिली. पण उत्पादकाची हमी व सेवा मिळणार नाही, हे ग्राहकास ठळकपणे कळविण्याचे बंधनही घातले. शुल्क चुकवून आणलेला माल मात्र तस्करीचाच. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये तो जप्त होऊ शकतो.

पक्के बिल नसेल, तर नोंदणीकृत व्यावसायिकास जीएसटीची वजावट मिळत नाही. वाचलेल्या पैशांचा मोठा वाटा तेथेच जातो. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा ऐन लग्नसराईत बंद पडला, तर दुरुस्तीचा खर्च आणि शब्द मोडल्याची नामुष्की, दोन्ही मालकाच्याच माथी येतात.

म्हणून खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता व कमाल किरकोळ किंमत पाहावी, बिलावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमी कोण देणार, हे लेखी मागावे. सचोटीच्या व्यवसायाचा आरंभ पक्क्या बिलापासूनच व्हावा.