दूरचा गुरु आणि घरचें मूल
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत गत वर्षांचा गौरव करावा, असा प्रघात आहे. तो करणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही वेगळा विषय घेत आहों. मोबाईलच्या पडद्यावरून जें शिक्षण घरोघर येऊं लागलें आहे, त्यानें आपल्या मुलांच्या विद्येचें काय होत आहे? ज्युबिली-फंडांतून मुलांस टॅब्लेट वाटावे, अशी सूचना पॅरिश कौन्सिलपुढें आली असल्यामुळें हा प्रश्न आतां दूर सारतां येण्याजोगा नाहीं.

या नव्या साधनाचे उपकार प्रथम मोकळ्या मनानें मानले पाहिजेत. अमेरिकेंतील सलमान खान नामक गृहस्थानें २००४ सालीं दूर राहणाऱ्या नात्यांतल्या एका मुलीस गणित शिकविण्यास आरंभ केला. त्यांतून उभ्या राहिलेल्या खान अकॅडमीचे धडे आज जगांत कोणासही विनामूल्य मिळतात. २०११ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वर्गांत घरबसल्या सुमारें १,६०,००० लोकांनीं नांवें घातलीं. एवढे विद्यार्थी कोणत्या इमारतींत मावले असते? मात्र शेवटपर्यंत टिकले ते सुमारें २३,०००. आणि तीं तर कळतीं, स्वेच्छेनें आलेलीं माणसें होतीं.

लहान मुलांची गोष्ट निराळी. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीनें शाळांस कुलुपें लागलीं, तेव्हां आम्हीं घरोघर काय पाहिलें? घरांत मुलें तीन आणि मोबाईल एक. तोही दूध घेऊन पहांटे मुंबईस जाणाऱ्या बापाच्या खिशांत. तो दुपारीं परते तों वर्ग आटोपलेला असे. जेथें मोबाईल होता तेथें पडद्यावर मुलाचें नांव दिसे, हजेरी लागे, आणि मूल मात्र विहिरीच्या कांठीं खेळत असे. समोरच्या बाकावरचें उतरलेलें तोंड शिक्षकास दिसतें. पडद्यावरच्या चाळीस नांवांत तें कसें दिसावें?

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचे आंकडे मननीय आहेत. ग्रामीण भारतांत शाळकरी मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन होता, त्यांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० सालीं ६१.८ झालें आणि पुढें आणखी वाढलें. उलट इयत्ता तिसरींतील जीं मुलें दुसरीचा धडा वाचूं शकत, तीं २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतीं, २०२२ सालीं २०.५ उरलीं. यंत्रानें वाचन घटविलें, असें आम्ही म्हणत नाहीं. शाळा बंद राहिल्यानें तें घटलें. परंतु घरांत आलेलें यंत्र तें सांवरूं शकलें नाहीं, हें उघड आहे.

छापखाना गोव्यांत १५५६ सालीं आला, तेव्हां तोही नवाच होता. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें, तरी ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांस तें कोणी तरी वाचूनच दाखवावें लागे. आपल्याच काळांत सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, आणि २०२० सालीं त्यांस १० लाख डॉलरचें जागतिक पारितोषिक मिळालें. (त्यांतील अर्धी रक्कम इतर नऊ स्पर्धकांस देण्याचें त्यांनीं जाहीर केलें, हें आम्हांस कोडाहून मोठें वाटतें.) कोड पुस्तकांत होता, पण गुरुजी वर्गांत होते.

म्हणून आमचें मत टॅब्लेट वाटण्याच्या विरुद्ध आहे. त्या पैशांतून चर्चच्या हॉलमध्यें चार संगणक व इंटरनेट घ्यावें, सायंकाळीं सहा ते आठ हॉल उघडा ठेवावा, आणि निवृत्त शिक्षकांनीं आळीपाळीनें मुलांशेजारीं बसावें. दान घरांत पडलें म्हणजे तें डोळ्यांस दिसतें, हॉलांतलें दिसत नाहीं, असें कांहीं बंधु म्हणतात. तें खोटें नाहीं. मुली रात्रीं परततील कशा, ही मातांची काळजी त्याहून खरी आहे. त्यासाठीं प्रत्येक आळीच्या एका वडीलधाऱ्या माणसानें त्यांस पोहोंचविण्याचें पत्करावें लागेल.

कौन्सिलची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. बसण्यास जे तयार असतील त्यांच्या नांवांसाठीं कचेरींत वही ठेविली आहे. आजवर चार नांवें आलीं आहेत. गणितासाठीं अद्याप कोणी नाहीं.