न दिसणाऱ्या द्रव्याच्या लाटा

देवयानी दीर्घिका तुम्ही कदाचित पाहिली असेल. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही ती पुसट डागासारखी दिसते. पण तिच्यात दिसते त्याहून पुष्कळ अधिक द्रव्य आहे, असे शास्त्रज्ञ म्हणतात. हे कळले कसे?

आपली सूर्यमालाच पाहा ना. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो. दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितके लांब, तितकी चाल मंद. परंतु १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतील वायुमेघांचे वेग मोजले, तेव्हा दूरचे मेघही तसे मंदावलेले आढळले नाहीत. तरीही ते निसटून जात नाहीत. म्हणजे त्यांना धरून ठेवणारे आणखी काही तेथे असले पाहिजे. तेच कृष्णद्रव्य.

ते आहे तरी कसले? येथे आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांची आठवण होते. १९२४ साली ढाक्याहून त्यांनी आइन्स्टाइनना एक निबंध पाठवला. आइन्स्टाइननी तो विचार पुढे नेला : काही जातींचे कण अतिशय थंड झाले, की सारे एकाच अवस्थेत गोळा होतात आणि जणू एकच लाट होऊन वागतात. १९९५ साली अमेरिकेत, कोलोरॅडोत, रुबिडियमच्या अणूंवर हे प्रत्यक्ष दिसले.

कृष्णद्रव्यही असेच असेल काय? २००० साली हू, बर्काना आणि ग्रुझिनोव्ह यांनी असा एक कण सुचवला, की इलेक्ट्रॉन त्याच्या पाचावर सत्तावीस शून्ये इतके पट जड ठरावा! कण जितका हलका, तितकी त्याची लाट लांब. ही लाट हजारो प्रकाशवर्षे लांबीची. आणि लाट काही तिच्या लांबीहून लहान जागेत कोंबता येत नाही. म्हणून दीर्घिकेच्या मध्यावर द्रव्याचे टोकदार शिखर न होता मऊ, सपाट गाभा होतो. कित्येक छोट्या दीर्घिकांत असाच गाभा असावा, असे निरीक्षणांवरून वाटते.

मात्र एक अडचण आहे. अशी लांब लाट द्रव्याचे लहान पुंजके बनूच देत नाही; आणि अतिदूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात वाटेवरच्या हायड्रोजनच्या ज्या खुणा उमटतात, त्या तर असे पुंजके होते असे सांगतात. मग कण थोडा जड मानावा, तर लाट आखूड होते आणि गाभ्याचे स्पष्टीकरण लंगडे पडते!

तेव्हा निकाल अजून लागायचा आहे. पण पुन्हा कधी देवयानीकडे पाहाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : तो पुसट डाग म्हणजे तिचा दिसणारा थोडासाच भाग.