बरोक चित्रकला : उजेड आणि सावली



"सर, चित्रकलेच्या तासाला गणितच शिकवा," असे एक पालक मला म्हणाले. त्यांची काळजी रास्त आहे. तरीही आज मी चित्रांविषयीच बोलणार आहे.

सतराव्या शतकात युरोपात बहरलेल्या चित्रशैलीला बरोक म्हणतात. ती ओळखावी कशी? आपल्या साखरा गावी रात्री वीज गेली की आपण कंदील लावतो. जवळच्या माणसाचा अर्धा चेहरा उजळतो, अर्धा काळोखात राहतो, आणि आपली नजर आपोआप तिकडे जाते. बरोकचे पहिले लक्षण हेच. इटलीच्या काराव्हाज्जोने (१५७१-१६१०) या उजेड-अंधाराला चित्राचा प्राण बनवले.

दुसरे लक्षण गती. आधीच्या चित्रांत माणसे शांत, समतोल उभी असत. बरोक चित्रांत हात, भाले, झेंडे तिरप्या रेषेत धावतात. तिसरे लक्षण, ऐन क्षण पकडणे. हॉलंडच्या रेम्ब्रांटचे 'नाईट वॉच' (१६४२) पाहा. नगररक्षकांना आपले समूहचित्र हवे होते. त्याने त्यांना रांगेत उभे न करता, कप्तान कूच करण्याचा हुकूम देतो तो क्षण रंगविला. चौथे लक्षण भावना. पाहणारा त्या प्रसंगात ओढला जातो.

आता आपल्या जवळची गोष्ट ऐका. रेम्ब्रांट कधीही परदेशी गेला नाही. पण हिंदुस्थानातील मोगल लघुचित्रे हॉलंडात पोहोचली होती. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. त्याच सुमारास, पन्नाशीच्या या नामवंत चित्रकाराने मोगल चित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. झाडाखाली बसलेल्या चार बुजुर्गांचे त्यांपैकी एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मोगल चित्रांत उजेड बहुधा सर्वत्र सारखा असतो, सावली जवळजवळ नसतेच. म्हणजे सावलीचा हा उस्ताद, सावली नसलेल्या चित्रांपुढे शागीर्द होऊन बसला!

पालकहो, इल्म असाच वाढतो. दुसऱ्याचे शिकल्याने आपले कमी होत नाही. आणि ज्याला नीट पाहता येते, त्याला भूमितीची आकृतीही लवकर उमगते. म्हणून माझी विनंती आहे, मुलांचा चित्रकलेचा तास वाया जातो असे मानू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री दिव्याशेजारी एक तांब्या ठेवा. उजेड कोठे पडतो, सावली कोठे सुरू होते, ते पाहून कागदावर उतरवा. उद्या मला दाखवा.