मशेरी सोडल्यावर येणारी तलफ

अक्कलकोट तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही ताया आज पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. स्वयंपाक चालू असेल तर चालू दे, हाताला काम आणि कानाला रेडिओ.

मशेरी वाईट, तंबाखू वाईट, हे आता कुणाला सांगायला नको. पुडीवर चित्र असतं, आशाताई सांगतात, शाळेतली पोरं घरी येऊन सांगतात. गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा एक अव्वा म्हणाल्या, "ते समदं खरं हाय गं. सोडायला काय, मी सकाळी सोडते. पण दुपारी जीव कासावीस होतो, त्याचं काय करू ते सांग." आज त्या एका प्रश्नावरच बोलायचं आहे. सोडल्यानंतर जी तलफ येते, ती कशी काढायची.

तलफेवर जे सांगितलं जातं ते बहुतेक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांसाठी असतं. आपली गोष्ट वेगळी आहे. २०१६-१७ साली सरकारनं देशभर तंबाखूची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रात शंभर बायकांमागे साधारण सतरा जणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. त्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्या दोनसुद्धा नव्हत्या. बाकी सगळ्या मशेरी लावणाऱ्या, तंबाखू-चुना मळणाऱ्या, पानातून खाणाऱ्या. म्हणजे आपली तलफ बोटाच्या टोकावर आणि हिरडीवर बसलेली आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि दात घासायचं म्हणून लावायची. दात घासणं हे तिचं नुसतं नाव. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. जी वस्तू मंजनात घालायची नाही, ती आपण घरी भाजून मंजन म्हणून लावतो.

आता तलफ म्हणजे काय ते बघू. तंबाखूत निकोटीन असतं. ते हिरडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. रोज मिळायची सवय लागली की मेंदू ते मागायला लागतो. मिळालं नाही की चिडचिड, डोकं जड, हात थरथरल्यासारखा, कामात लक्ष नाही, रात्री झोप नाही. बायकांना वाटतं, मशेरीवाचून आपली तब्येत बिघडली. बिघडलेली नसते, शरीर सवय मोडत असतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात. आठवड्यानंतर जोर कमी होतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. पुढेही कधीमधी आठवण येते, पण ती मागण्यासारखी नसते.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एकेक तलफ फार वेळ टिकत नाही. जोरात येते, पाच-दहा मिनिटं छळते आणि उतरते. मशेरी लावली तरी उतरते, न लावली तरी उतरते. घड्याळ नसलं तरी चालेल. एक भाकरी थापून, भाजून उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात. चार भाकऱ्या होईपर्यंत तलफ आली आणि गेली. पण त्या चार भाकऱ्यांच्या वेळात काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. तलफ आल्यावर डोकं चालत नाही.

म्हणून आमच्या काही गटांत आम्ही बचतीच्या वहीचं शेवटचं पान यासाठी ठेवलं. हात डबीकडे कधी जातो ते प्रत्येकीनं आठ दिवस सांगायचं आणि लिहिता येणारीनं लिहायचं. बायका म्हणत होत्या, "आम्ही दिवसभर लावतो." पान भरल्यावर दिसलं की दिवसभर नाही, ठरलेल्या वेळा आहेत. पहाटे परसाकडे जाण्याआधी. चहानंतर किंवा जेवणानंतर. शेतात दुपारी ऊन चढल्यावर. आणि घरात कुणी बोललं, भांडण झालं की. ज्याची त्याची वेळ वेगळी, तसा उपायही वेगळा.

पहाटेचं आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त बायका तिथंच परत फिरतात. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे आपल्याकडे म्हातारीपासून सुनेपर्यंत सगळ्या म्हणतात. यात खोटं काही नाही. निकोटीननं आतडं हलतं. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं, हेही खरं. पण हे थोड्या दिवसांचं दुखणं आहे आणि त्याला मशेरी सोडून दुसरे उपाय आहेत. उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी प्यायचं. रात्री मूठभर मनुका किंवा दोन अंजीर भिजवायचे, परवडत नसतील तर रात्री झोपताना पाण्यातून इसबगोल घ्यायचा. जेवणात पालेभाजी, काकडी, ताक ठेवायचं. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहेच, तिची जागा बिस्किट-पावाला देऊ नका. आणि दिवसभर पाणी प्यायचं. खरी अडचण इथं आहे. रानात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मग पोट साफ होत नाही आणि मशेरी लागते. ही गाठ नुसत्या उपदेशानं सुटणार नाही. ज्या गटांनी मिळून शौचालयासाठी ग्रामपंचायतीत अर्ज केले, त्यांनी मशेरी सुटायचंच काम केलं असं आम्ही समजतो.

दुपारची तलफ पुष्कळदा तलफ नसतेच, भूक असते. पहाटे चहा पिऊन बाई खुरपायला जाते, अकरा-बारापर्यंत पोटात काही नसतं. मशेरीनं भूक मरते म्हणून बरं वाटतं. ती सुटली की भूक वर येते आणि बाईला वाटतं तलफ आली. म्हणून मशेरी सोडणाऱ्या बाईनं रिकाम्या पोटी रानात जायचं नाही. पदराला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे बांधून घ्या. कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी घ्या. दुपारी हात डबीकडे गेला की आधी चार शेंगदाणे आणि घोटभर पाणी, मग बघा काय उरतं. शेजारच्या पातेवरची बाई "चिमूटभर घे गं" म्हणून डबी पुढं करते, हा आपल्याकडचा मानपान आहे. नाही म्हटलं की तिला राग येतो. त्यासाठी आधीच, सकाळी वाटेत सांगून टाकायचं, "मी सोडलीय, मला देऊ नका." ऐन तलफेत नाही म्हणणं फार अवघड जातं.

तिसरी गोष्ट दाताची. कितीतरी जणींनी मशेरी सुरू केली ती दात दुखतो म्हणून. ती दुखणं दाबते, किडलेला दात बरा करत नाही. मशेरी सोडली की तो दात पुन्हा ओरडायला लागतो आणि बाई तिसऱ्या दिवशी डबी उघडते. सोडायच्या आधी दात दाखवा, असं आमचं अनुभवाचं सांगणं आहे. ग्रामीण रुग्णालयात विचारा, तिथं झालं नाही तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जा. दाताला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, ते आम्हाला माहीत आहे. गटातल्या तिघी-चौघी मिळून एका दिवशी गेल्या तर निदान सोबत होते.

तोंडाला काहीतरी हवं असतं, ती सवयही आहे. बडीशेप, लवंग, वेलची, ओवा, भाजलेले जवस, आवळ्याची सुकी फोड, यातलं काहीही डबीत भरा. डबी तीच नको, नवी घ्या. जुन्या डबीला वास असतो, तोच हात ओढून घेतो. मशेरी भाजायचा तवा असेल तर घासून दुसऱ्या कामाला लावू नका, भंगारात द्या. सकाळी बोटाऐवजी ब्रश घ्या, म्हणजे बोटाची सवय मोडते. पण एक ध्यानात असू द्या, मशेरीच्या जागी सुपारी आणायची नाही. गोड सुपारी, कतरी सुपारी, कुठलीच नाही. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो आणि तोंड उघडेनासं होतं. मशेरी सोडून सुपारी धरणं म्हणजे सावकार बदलणं, कर्ज तेवढंच.

भांडणानंतरच्या तलफेवर आमच्याकडे वाण्याकडून आणायची वस्तू नाही. सोडलेल्या पहिल्या आठवड्यात बाई चिडकी होते, पोरांवर खेकसते, सासूला उलट बोलते. मग घरातलेच म्हणतात, "लाव बाई ती मशेरी, पण गप राहा." म्हणून घरात आधी सांगा की आठ-दहा दिवस माझं डोकं ठिकाणावर नसेल. गटात आम्ही जोड्या लावल्या. दोघींनी एकाच दिवशी सोडायचं आणि तलफ आली की एकीनं दुसरीच्या दारात जायचं. लांब असेल तर फोन करायचा. पाच-दहा मिनिटं बोलणं झालं की तलफ उतरते. एकट्या सोडणाऱ्यांपेक्षा जोडीनं सोडणाऱ्या जास्त टिकल्या, हे आम्ही आमच्या गटांपुरतं बघितलं आहे.

विडी वळणाऱ्या बहिणींचं दुखणं मात्र निराळं. आपल्या अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत, २००६ साली ती ताब्यात मिळाली. त्या घरांतल्या बाईच्या मांडीवर सूप असतं आणि सुपात दिवसभर तंबाखू. तिला "तंबाखू नजरेआड करा" असं कसं सांगायचं? पोट त्यावर आहे. शिवाय तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातातून अंगात जातेच, त्यामुळे तिची तलफ लवकर मरत नाही. त्यांनी एवढं तरी करावं. वळताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा, दार-खिडकी उघडी ठेवावी, पाणी पिण्याआधी, जेवण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवावेत. दर तासाला उठून अंगणात यावं. आणि सुटली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. त्यांची लढाई आपल्यापेक्षा मोठी आहे.

घरातला माणूस विडी सोडत असेल तर वरचं बहुतेक त्यालाही लागू. त्याची वेळ म्हणजे चहानंतरची आणि पारावरची. टोमणा मारू नका. "बघू किती दिवस टिकतंय" या एका वाक्यानं पुष्कळ विड्या पुन्हा पेटल्या आहेत.

आपल्याकडे सोडायचं म्हटलं की गुरुवार धरतात आणि स्वामींची शपथ घेतात. श्रद्धेनं बळ येतं, त्याला आमचं ना नाही. पण शपथेचा एक तोटा आम्ही बघतो. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीला बाईच्या हातून एकदा चिमूट लागते. मग ती म्हणते, शपथ मोडली, आता काय राहिलं, आणि पूर्ववत सुरू करते. एकदा लावली म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं. वीस दिवस काढले ते वीस दिवस अंगाला लागलेलेच आहेत. कुठं, कुणासोबत, कशामुळं लावली ते वहीच्या पानावर लिहा आणि त्याच संध्याकाळपासून पुन्हा बंद करा. दोन-तीनदा सोडून मग कायमची सुटलेल्या बायका प्रत्येक गटात आहेत.

ज्यांना फारच त्रास होतो त्यांच्यासाठी औषध दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं. ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नाही. थोडं चावायचं, चव आली की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. चहा पिऊन लगेच घेतलं तर लागू पडत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर विचारल्याशिवाय मुळीच नको. गरोदरपणात मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं होतं, तेव्हा सोडायची खरी घाई त्यांनाच आहे.

पैशाचंही सांगतो. रोजचे दहा रुपये धरले तर वर्षाचे ३,६५० होतात. एका गटात हे पैसे बायका वेगळ्या डब्यात टाकतात आणि बैठकीला डबा सोबत आणतात. तलफ आली की डबा हलवून बघतात म्हणे!

आता तोंडाचं. सोडली तरी आणि नाही सोडली तरी, महिन्यातून एकदा आरशात उजेडात तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, किंवा तोंडात उभी तीन बोटं जात नसतील तर थांबू नका. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला कॅन्सरचं रुग्णालय आहे. खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं देशातलं पहिलं कामही बार्शीलाच १९८७ साली सुरू झालं. लवकर गेलेल्या बाईचा इलाज सोपा असतो.

आणि फोन. तंबाखू सोडणाऱ्यांना सल्ला द्यायला २०१६ पासून सरकारचा फुकट नंबर आहे, तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. तलफ आली आणि जोडीदारीण घरी नसली तर तिथं बोला. पेन घ्या, लिहून घ्या. १८०० - ११ - २३५६. पेन शोधत होतात त्यांच्यासाठी पुन्हा एकदा, १८०० - ११ - २३५६. नमस्कार.