तारीख हातात नसते, तयारी असते



निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो. रोज पहाटे सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलींकडून धावण्याचा सराव करून घेतो. लष्करी पोलीस दलाच्या भरतीत मुलींना १.६ किलोमीटर धावावं लागतं. ती तारीख कुणाची पाळी पाहून ठरत नाही. पाळीचा अनुभव मला नाही. आखणीचा मात्र आयुष्यभराचा आहे. त्याबद्दलच बोलतो.

आखणीआधी जमीन पाहायची. प्रौढ स्त्रीचं चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांचं असतं. रक्तस्राव थांबत आला की इस्ट्रोजेन वाढत जातं. अनेकींना हे दिवस हलके वाटतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, शरीराचं तापमान किंचित चढतं. पाळीआधी दोन्ही उतरतात. तेव्हा काहींची झोप बिघडते, थकवा येतो. काहींना काहीच जाणवत नाही. म्हणून मोबाइलवरचा तयार तक्ता पाळणं म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर चालणं.

स्वतःचा नकाशा स्वतः काढा. सलग तीन पाळ्या, रोज रात्री एक ओळ लिहा: चक्राचा कितवा दिवस, झोप किती, ताकद पाचापैकी किती, दुखलं का. वही तुमचीच. मी ती मागत नाही, घरच्यांनीही मागू नये. मला सकाळी एवढंच कळलं तरी पुरतं: "सर, आज हलका सराव."

मग वेगाचा सराव आणि अवघड धडे ताकदीच्या दिवसांत घ्या. जड दिवसांत चालणं, उजळणी, लवकर झोप. पण दुखणं आवाक्यात असेल, तर एखाद्या जड दिवशीही घड्याळ लावून धावा. भरती त्याच दिवशी आली, तर तो दिवस ओळखीचा असेल.

सगळेच दिवस जड असतील, तर वही बाजूला ठेवा आणि रक्त तपासा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर डॉक्टरांकडे जा. तो आळस नव्हे.

शेवटचं घरच्यांसाठी. मुलीने सराव हलका केला आणि घरकाम तेवढंच राहिलं, तर आखणी फसली. त्या दिवशी डबा भावाने भरावा.

जय हिंद.