वाड्यातला लेकावळा



जुन्या मराठीत ‘कुणबीण’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक, कुणब्याची बायको. तो आपल्या बुलढाण्यात कुणाला सांगावा लागत नाही. दुसरा अर्थ बटीक, म्हणजे विकत घेतलेली बाई. पेशवाईच्या दप्तरात अशा बायकांच्या खरेदीच्या नोंदी आहेत. कुणी दुष्काळात विकलेली, कुणी मुलूखगिरीत धरून आणलेली, कुणावर व्यभिचाराचा ठपका आलेला. तिला धन्यापासून मुलगा झाला, की तो लेकावळा.

बाप कोण ते सगळ्या वाड्याला ठाऊक असे, पण लेकरू आईकडून मोजलं जाई. आई बटीक, म्हणून तेही धन्याच्या मालकीचं. शूद्र बापाच्या दासीपुत्राला याज्ञवल्क्यस्मृती निदान भावांच्या निम्मा वाटा देते. वरच्या वर्णांत तोही नाही.

आपल्या वऱ्हाडात आणि नागपूरकडे ‘विदुर’ नावाची जात आहे. मुख्यतः ब्राह्मण बाप आणि इतर जातींच्या आया यांची ही संतती, असं जाती-जमातींवरच्या आपल्या ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली नोंदवलं. त्या साऱ्याच आया बटकी नव्हत्या. पण नाव पाहा: महाभारतातला विदुर दासीचा मुलगा, धृतराष्ट्र-पंडूंबरोबर वाढला, राज्याला मात्र कधी हक्कदार झाला नाही. या जातीचं दुसरं नाव ‘कृष्णपक्षी’. जन्मलेल्या लेकराला महिन्याचा अंधारा पंधरवडा म्हणायचं! मला हे नाव वाचवत नाही.

अमेरिकेतल्या गुलाम आयांच्या लेकरांचीही हीच गत. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 साली आपलं बालपण स्वतः लिहिलं. बाप गोरा, मालकच बाप, अशी कुजबूज. आई दुसऱ्या शेतावर राबायची, रात्री कोसन् कोस चालत लेकराजवळ येऊन निजायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. तिथली गुलामी मोडणाऱ्यांनाच जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं.

इकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात 1843 च्या कायद्याने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला. वऱ्हाड तेव्हा निजामाचं. इथे इंग्रजी अंमल 1853 साली आला. कायद्याने मालकी गेली, बापाच्या नावाचा प्रश्न राहिला. पाटील बाप आणि दलित आई यांच्या मुलाने, शरणकुमार लिंबाळे यांनी, तो ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात 1984 साली मांडला.

भांडणात ‘बटकीच्या’ ही शिवी आजही ऐकू येते. ती विकल्या गेलेल्या आईला आणि तिच्या लेकराला लागते. आपल्या घरात ती कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका.